पोळ्याच्या दिवशी रुतलेला ट्रक

वांकिडीच्या पुढे नाल्याच्या उतारावर ट्रक रुतला तो पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, आणि चूक सगळी माझी होती. विजेचे खांब वाहणारा, लिलावातून घेतलेला जुना मिलिटरी ट्रक. चारही चाकं ओढतील असा. पण पुढच्या चाकांना ताकद जोडून देणारा अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलवरची हवेची डबी, आतून फाटली होती. नवी डबी आठ दिवसांपासून माझ्याच सीटखाली पडून होती. कोरड्या रस्त्यावर पुढची चाकं कोणाला लागतात, असा माझा शहाणपणा. आळस, दुसरं काय.

सोबतचे मजूर खांब उतरवून सणासाठी बसनं आपापल्या गावी गेले होते. मलाही तलमडुगूला घरी जायचं होतं, आणि त्या वर्षी तर जायलाच हवं होतं. बाप वारल्यावर शेत बटईनं दिलेलं, धाकटा भाऊ आदिलाबादेत मास्तर, मी हा असा रस्त्यावर. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बैलजोडी नवा धनी नेणार होता. त्यातला डावा बैल वासरू असल्यापासून मी हातानं चारलेला. शेवटची पूजा मीच करणार, असं आईला सांगून ठेवलं होतं.

सकाळी एक शेतकरी नाल्यावर बैल धुवायला आला. आणि मी, शेतकऱ्याच्या पोटचा माणूस, त्याला म्हणालो की जोडी लावून ट्रक ओढून द्या. तोंडातून गेलं आणि मलाच लाज वाटली. तो रागावला नाही. बैलाच्या पाठीवर पाणी टाकत म्हणाला, "आज जू नाई ठेवत, भाऊ. तुमी तं इकडचेच दिसता." उद्या दोन जोड्या घेऊन येतो म्हणाला. उद्या येऊन मला काय उपयोग होता?

मालकाचा ट्रक असा उघड्यावर सोडून बसनं जाणंही जमणार नव्हतं. मग ट्रकखाली शिरलो. फावड्यानं चिखल उपसला, हवेची नळी सोडली, चार बोल्ट काढले, जुनी डबी बाहेर, नवी आत. तासाभरात उरकलं म्हणून खूश झालो. इंजिन चालू करून हवा भरू दिली, पुढची चाकं जोडायचा खटका ओढला. मागची चाकं गरगर फिरली, पुढची ढिम्म. घाईत डबीच्या दांड्याची खाच आतल्या चिमट्यावर बसलीच नव्हती. परत सगळं खोललं. हे काम खरं म्हणजे दोघांचं. एकानं बाहेरून चाक जरा जरा फिरवायचं, दुसऱ्यानं खालून बघायचं. मी चाक जॅकवर घेतलं. बाहेर येऊन बोटभर फिरवायचो, परत पोटावर सरपटत आत. किती वेळा, देव जाणे.

दुपार कलली तशी गावातून डफडं ऐकू यायला लागलं. तोरणाखाली बैल उभे राहिले असतील, पोरं, म्हातारे सगळे जमले असतील. मी चिखलात उताणा पडून खाच शोधत होतो. एवढं एकटं मला बाप गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान घरात माणसं होती.

दिवस बुडायच्या सुमारास खाच बसली. चारही चाकांनी जोर धरला आणि ट्रक नाल्यातून वर आला. अंधारात वाटेतला घाट चढायची हिंमत नव्हती, म्हणून केबिनमध्येच झोपलो आणि पहाटे निघालो. मालकाचा ट्रक घरी न्यायची परवानगी नव्हती. नेला.

गावाच्या अलीकडे अरुंद रस्त्यावर एक माणूस बैल घेऊन मधोमध चालला होता. रंगवलेली शिंगं, अंगावर गेरूचे ठिपके. मला एकेक मिनिट जड झालेलं. जोरात हॉर्न दिला. बैल बिचकून कडेच्या पऱ्हाटीच्या शेतात, कपाशीत उतरले. माणसानं शिव्या हासडल्या. मी आरशातही बघितलं नाही.

दारात आई उभी होती. गोठा रिकामा.

"आत्ताच तं नेले," ती म्हणाली. "याच रस्त्यानं गेले. तुले दिसले नाई काय?"

ट्रक वळवला असता तर दहा मिनिटांत गाठलं असतं. पण गाठून कोणत्या तोंडानं उभा राहणार होतो त्या बैलापुढे?

"नाई," मी म्हणालो. "नाई दिसले."