सोडून गेलेल्याचा नंबर

धसईच्या पुढे आमची वाडी. भातकापणी संपली की तिथलं काम संपायचं आणि माणसं वीटभट्ट्यांवर जायची. मुकादम यायचा, बयाणा द्यायचा, टेम्पो भरून न्यायचा. आई मजुरांच्या संघटनेत शिरली तेव्हापासून वाडीत एक रीत पडली. बयाणा हातात घेण्याआधी दोघांनी जाऊन भट्टी बघून यायची. पाणी किती लांब आहे, झोपड्या कुठे टाकायच्या, हे बघायचंच. पण मालकाशी बोलण्यात वेळ घालवायचा नाही. गेल्या साली तिथे होता आणि यंदा नाही, असा माणूस गाठायचा आणि त्याला विचारायचं.

मी संघटनेच्या पत्रकांवर वाढलो. अक्षरं त्यांच्या कोऱ्या बाजूवर गिरवली आणि कॉलेजात जाईपर्यंत पत्रकं लिहायलाही लागलो होतो. लिहिणं म्हणजे कोणाच्या तरी विरुद्ध लिहिणं, अशी माझी समजूत होती. पोट मात्र त्यावर भरणार नव्हतं.

मुरबाडला एसटी स्टँडजवळ सायबर कॅफे निघालं, तिथे मी लिखाणाचं काम शोधू लागलो. घरबसल्या लिहा आणि कमवा, असं सांगणाऱ्या जागा पुष्कळ होत्या. त्यातल्या बहुतेक आधी नोंदणीचे पैसे मागायच्या. भट्टीवाला कितीही लबाड असला तरी बयाणा तोच द्यायचा. इथे हे लोक उलट मजुराकडूनच बयाणा मागत होते. अशा एकाला मी संतापाने लांबलचक मेल लिहिला. उत्तर आलं नाही.

मग एक जागा सापडली. वेबसाइटना मराठी मजकूर पुरवणारी छोटी संस्था, पत्ता कल्याणचा, चालवणारी एक बाई. पैसे मागितले नाहीत, नमुना मागितला. मी पाठवला. तिने कळवलं की भाषा चांगली आहे, पण तुम्ही फार ओरडता. तेवढं कमी केलंत तर काम देईन.

त्याच आठवड्यात शहापूरला दिलेल्या बहिणीचा निरोप आला. तिच्या नवऱ्याने आटगावजवळच्या एका गोडाऊनमध्ये माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर ती दुसऱ्याला जाणार होती. गोडाऊन पक्कं होतं. कल्याणच्या बाईचं मी फक्त पडद्यावर वाचलं होतं.

आई म्हणाली, बघून ये. मी समजावलं की हे काम इंटरनेटवरचं आहे, तिथे कोणी कोणाकडे जात नाही.

"मंग तर जायलाच पायजे," ती म्हणाली. रीत दोघांनी जायची होती, म्हणून तीही निघाली. मुरबाडहून कल्याणची जीप मिळाली.

पत्त्यावर ऑफिस नव्हतं, राहता फ्लॅट होता. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी निवडायला घेतलेली मेथी. बाई गोंधळली. तिच्याकडे लिहिणाऱ्यांपैकी आजवर कोणीही दारात आलं नव्हतं, आणि आईसह तर नाहीच. तिने पाणी दिलं. मी लेखकांच्या हक्कांविषयी बोलायला सुरुवात केली, तेव्हा आईने कोपराने ढोसलं.

"तुमच्याकडं आदी लिवायचा आन् आता नाय लिवत, असा कोण हाय?" आईने विचारलं.

बाई म्हणाली, मावशी, मी सगळं लेखी देते. आईने सांगितलं की कागद मुकादमही देतो. बाईने मेथीच्या काड्या एका बाजूला सारल्या. शेवटी मोबाइल उचलून तिने एक नंबर लावला आणि पलीकडच्याला म्हणाली, "एक जण आलेत. माझ्याबद्दल जे आहे ते सांगा." फोन माझ्या हातात देऊन ती आत स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला.

पलीकडे एक गृहस्थ होते, आवाजावरून वयस्कर. बाईशी भांडून काम सोडलं असं त्यांनीच सांगितलं. पैसे बुडत नाहीत, म्हणाले. पण ती तुमचा मजकूर तुम्हाला न विचारता बदलते. मला ते सहन झालं नाही, तुमचं तुम्ही बघा.

नळ बंद झाल्यावर मी बाईला ते जसंच्या तसं सांगितलं. ती खरं आहे म्हणाली. मी म्हटलं, बदलण्याआधी मला दाखवायचं, ही माझी अट आहे.

"वेळ असेल तर दाखवीन," ती म्हणाली. "नसेल तर नाही दाखवणार."

मी उठायच्या तयारीत होतो. माझ्या मते मुलाखत तिथे संपली होती. आईने बसल्या जागेवरूनच बाईला विचारलं, काम कधीपासून द्याल.

परतीच्या जीपमध्ये मी आईवर चिडलो. अट मान्य न करणाऱ्या मालकाकडे तिने कधी कोणाला पाठवलं होतं का, असं विचारलं.

"हो म्हणून मागून शबूद फिरवला असता, तर काय केलं असतंस रे? ती खोटं हो नाय म्हनली," आई म्हणाली. मग मुरबाड येईपर्यंत ती डोळे मिटून बसली.

गोडाऊनची जागा दुसऱ्याला गेली. बहिणीचा नवरा वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही. मी पाणी गाळायच्या यंत्रांवर, दातांच्या निगेवर, मुलांच्या डब्यांवर लिहिलं. पैसे येत गेले. कधी बाई बदल आधी दाखवायची, बहुतेक वेळा नाही. माझी वाक्यं पडद्यावर मला ओळखू यायची नाहीत. आम्ही भांडायचो, आणि तरीही मी वाडीतच राहून लिहीत होतो.

अखेर मीही त्याच कारणावरून काम सोडलं. फोनवर मी पत्रकासारखा बोललो आणि तिने ते ऐकून घेतलं. ठेवण्यापूर्वी तिने एवढंच विचारलं, की नवीन कोणी आलं तर तुमचा नंबर देऊ का. मी द्या म्हणालो. अजून फोन येतात. पैसे बुडत नाहीत, हे मी आधी सांगतो.