चौदावरून एकतीस

कॅनडात, किचनरला, आमचा शेजारी ट्रक चालवायचा. साडेसहा फूट उंच; हसला की भिंतीपलीकडे ऐकू यायचं. त्याचा मुलगा अमेरिकेतल्या एका कॉलेजकडून बास्केटबॉल खेळायचा. दर जूनमध्ये तिथले व्यावसायिक संघ साठ नवे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. कोण कितवा निवडला जाईल याच्या अंदाजी याद्या वेबसाइटवाले मात्र सीझनभर काढत असतात. नोव्हेंबरात मुलगा चौदावा होता. शेजाऱ्याने मला अशी मिठी मारली की दोन दिवस बरगड्या दुखत होत्या.

मला आकड्यांचा भारी नाद. दर सोमवारी ऑफिसमधून नवी यादी त्याला मीच पाठवायचो. मग मुलाचा घोटा मुरगळला, नेम चुकू लागला, आणि तो बाविसावर घसरला. त्या दिवशी शेजाऱ्याने बूट फेकून टीव्ही फोडला.

"तुम्ही कशाला त्याला चेतवताय?" बायको म्हणाली. "डोळे बघितलेत का त्याचे?"

मी हसण्यावारी नेलं.

ख्रिसमसला मुलगा तीन दिवसांसाठी घरी आला. सकाळी ते दोघं फावड्याने बर्फ ओढत त्यांचा ड्राइव्हवे साफ करत होते, मी आमचा. फोनवर नवी यादी आली आणि मी तिथूनच ओरडलो, "एकतिसावा!" निवडीची पहिली फेरी तिसाला संपते, पक्क्या कराराची खात्रीही तिथवरच. हे आम्हा तिघांनाही पाठ होतं.

"परवाच्या मॅचला शेवटचा बॉल दुसऱ्याला का दिलास?" बापाने विचारलं.

"तो मोकळा होता, डॅड."

बापाने फावड्याचा दांडा त्याच्या पाठीत घातला. मग पुन्हा. मुलगा नुसता डोकं झाकून उभा राहिला. मी धावत मध्ये पडलो आणि तिसरा फटका माझ्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. मला खाली बसलेलं पाहून मुलगा वळला आणि त्याने बापाच्या जबड्यावर एकच ठोसा मारला. एवढा मोठा माणूस उताणा कोसळला. बर्फावर रक्त, त्यात दोन दात. मुलगा आपला उजवा हात पोटाशी धरून विव्हळत होता. बास्केटवर नेम धरायचा तो त्याच हाताने.

पोलिसांना बायकोने बोलावलं. त्यांनी बापाला नेलं, मुलाला आणि मला हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो, दोघांचेही हात सुजलेले.

"सॉरी," मी म्हणालो. "मी ओरडायला नको होतं."

"मी दर सोमवारी तुमच्या आधी बघतो," तो म्हणाला. "मग फोन हातात धरून डॅडच्या कॉलची वाट बघतो."

पुढच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. कारण एका ओळीत दिलं होतं: हाताला दुखापत. जूनमध्ये साठ नावं पुकारली गेली, त्यांतही तो नव्हता. पुढे तो युरोपात कुठल्याशा लहान संघाकडून खेळायला गेला. बापाला कोर्टाने वर्षभर मुलाजवळ फिरकायला बंदी केली होती. ती उठल्यावरही मुलगा त्या घरी आला नाही.

शेजारी माफी मागायला आला तेव्हा दार मीच उघडलं. तो रडत होता. मी त्याला आत ये म्हणालो नाही.