चपलेचा सीन कोणी लिहिला

"फाईल उघड," रुची मॅम म्हणाल्या.

मी उघडली. लातूरच्या हॉटेलात प्रॉडक्शनसाठी घेतलेल्या खोलीत आम्ही चौघं बसलो होतो. रुची मॅम आमच्या प्रोड्युसर. त्यांच्या शेजारी डिरेक्टर, मंदार सर. समोर शीतल कांबळे. दाराजवळच्या खुर्चीवर मी. शूटिंग आदल्या दिवशी संपलं होतं. आवाज कोणी चढवला नव्हता, पण वाद होता. वेब सिरीजच्या शेवटी जी नावांची यादी सरकत जाते, तीत 'संवाद' या शब्दाखाली शीतलचं नाव येणार की नाही, एवढाच.

मी स्क्रिप्ट सुपरवायझर आहे. युनिटमध्ये या कामाला कंटिन्युइटी म्हणतात. एक सीन तुकड्यातुकड्यांनी शूट होतो. सकाळच्या तुकड्यात मुलीची वेणी डाव्या खांद्यावर असेल, तर दुपारच्या तुकड्यातही ती तिथेच हवी. ते मी बघते आणि लिहून ठेवते. कोणतं वाक्य सेटवर बदललं, तेही लिहिते. काम माझ्या स्वभावाला मानवतं. दिवसभर बघायचं आणि कोणी विचारलं तरच बोलायचं.

सिरीज कॉलेजातल्या पोरांची कॉमेडी होती. सावत्र आई, जादू, नाचाचा समारंभ आणि पळताना निसटलेला बूट, ही सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली परीकथा लातूरच्या कॅम्पसवर आणलेली. सावत्र आईच्या जागी मेस चालवणारी मावशी. राजवाड्याऐवजी गॅदरिंग. बाराच्या ठोक्याऐवजी लेडीज हॉस्टेलचं गेट बंद व्हायची वेळ. स्क्रिप्ट मुंबईत लिहिली होती आणि ते कळत होतं. पात्रं एका वाक्यात 'लई' म्हणायची आणि पुढचं वाक्य थेट पुण्याचं. मी नांदेडची, पण मला ते दुरुस्त करता येत नव्हतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि घरी बोली बोललं की आई टोकायची. मला कानाने चूक कळायची, तोंडाला बरोबर यायचं नाही.

म्हणून शीतलला घेतलं. रेणापूरची. लातूरला बीए केलेली. कॉलेजसाठी दोन एकांकिका लिहिलेल्या. हुद्दा होता लँग्वेज असिस्टंट. म्हणजे नटांकडून उच्चार करून घ्यायचे. पण पहिल्याच आठवड्यात ती नुसत्या उच्चारांवर थांबेनाशी झाली.

गॅदरिंगचा सीन कॉलेजच्या हॉलमध्ये होता. भर दुपारी खिडक्यांना काळं कापड लावून आम्ही संध्याकाळ केली होती. स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं: नायिका पायऱ्यांवरून पळते, एक सँडल निसटते, नायक ती उचलतो. रिहर्सल चालू असताना शीतल फस्सकन हसली.

"काय झालं?" मंदार सरांनी विचारलं.

"काही न्हाई सर."

"बोल की."

"सर, पोरगी सँडल घालून हॉलमध्ये कामून येईल? सतरंज्या हातरलेल्या हायत. चपला समद्यांच्या बाहेर. ढिगारा असतो नुसता."

"मग?"

"मग काय, लाइट जाती. गेट बंद व्हायलंय. पोरगी अंधारात पाय घालती अन् पळती. एक चप्पल तिची, एक दुसऱ्याचीच. पोराची."

सर थांबले. "आणि पोरगा?"

"पोराला राहिली तिची एक अन् त्याची एक. दुसऱ्या दिवशी तसाच येतो कॉलेजला, फताक फताक करत. तो काय तिला हुडकत न्हाई सर. त्याची नवी चप्पल हुडकतोय. घरी बाप विचारायलाय ना, चप्पल कुठंय म्हणून."

लाइटमनपासून सगळे हसले. नायकाचं काम करणाऱ्याने तिथल्या तिथे चालून दाखवलं. सर म्हणाले, "करू या." आणि सिरीजचा पुढचा अर्धा भाग त्या तासात बदलला. परीकथेतला राजपुत्र प्रेमापोटी गावभर फिरतो. आमचा बापाच्या भीतीने फिरू लागला. त्यापुढचे जवळजवळ सगळे संवाद शीतलने सेटवर बसून, वहीच्या पानांवर लिहून दिले. सर वाचायचे, एखादा शब्द खोडायचे आणि नटांना द्यायचे.

मी नोंदी करत होते. नायिकेच्या डाव्या पायात तिची चप्पल, उजव्या पायात त्याची. प्रत्येक बदललेलं पान फाईलला लावत होते. पानाच्या कडेला एक रकाना असतो: बदल कोणाचा. तिथे मी प्रत्येक वेळी सरांची आद्याक्षरं लिहिली. मला असंच शिकवलं होतं. सेटवर दहा माणसं दहा गोष्टी सुचवतात. बदल त्याचा, जो 'करू या' म्हणतो. त्या रकान्याचा उपयोग एडिटरला असतो, कोणाला विचारायचं ते कळावं म्हणून. पुढे तो कोणाच्या हक्काचा पुरावा होईल, हे माझ्या मनात आलं नाही.

पॅक-अपच्या वेळी एकदा सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "शीतल, संवादात आपलं दोघांचं नाव येणार." ती लगेच बाहेर जाऊन फोन करून आली. तिचे वडील पंचायत समितीत क्लार्क. त्यांच्याशी तिचं ठरलं होतं. बीए झाल्यावर एक वर्ष. तेवढ्यात कुठे नाव छापून आलं, तर पुण्याला जाऊन लिहायचं काम शोधायचं. नाहीतर नांदेडला बीएड.

"बाबा वाईट न्हाईत ओ ताई," ती मला म्हणाली होती. "त्यांचं इतकंच म्हणणं हाय, लेखी दिसू दे."

शेवटच्या आठवड्यात नावांची यादी ऑफिसातून आली. संवाद: फक्त मंदार सर. शीतल सरांकडे गेली. ते म्हणाले, "रुची बघते ते." ती रुची मॅमकडे गेली आणि म्हणाली, "ताईंच्या फाईलला समदं हाय. मी सांगायले अन् त्या लिहायल्या, रोजच्या रोज."

म्हणून ती बैठक.

रुची मॅम पानं उलटत गेल्या. सावकाश, एकेक. "इथे सगळीकडे मंदारचीच आद्याक्षरं आहेत. एका पानावरही शीतल नाही."

शीतल उठून मॅमच्या खुर्चीशी गेली. स्वतः पान बघितलं. मग माझ्याकडे.

"ताई, चपलीचं तर तुमच्यासमोरच झालं की."

मॅमनी मला विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

माझ्याकडे वाक्य तयार होतं. मराठीत होतं, इंग्रजीतही होतं. रकाना कशासाठी असतो आणि त्यात काय येत नाही, हे दोन मिनिटांत सांगता आलं असतं. मंदार सर मोबाइल बघत होते. त्यांच्या पुढच्या फिल्मला कंटिन्युइटीसाठी त्यांनी मला आधीच विचारलं होतं.

"फाईलमध्ये आहे तसंच आहे, मॅम," मी म्हणाले.

"पण चपलेची आयडिया कोणाची, ते तू ऐकलंस का?"

"मी त्या वेळी सीनचं टायमिंग घेत होते."

पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं खोटं. मी लाजरी आहे, चारचौघांत मला बोलायला जमत नाही, असं नंतर मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण खोटं बोलताना मी अजिबात अडखळले नव्हते.

शीतल रडली नाही. "बरं हाय," म्हणाली आणि पिशवी उचलली. ती दारातून जाताना मी पाय मागे घेतले, तिला वाट मिळावी म्हणून. तेवढं सौजन्य माझ्याकडे होतं.

अंतिम यादी तपासायला माझ्याकडेच आली. नावांतल्या चुका बघणं हेही माझंच काम. 'विशेष आभार'खाली हॉलचे शिपाई, मेसवाले, जनरेटरवाले, सगळे नाव-आडनावानिशी होते. शेवटी नुसतं 'शीतल, रेणापूर'. मी मॅमना मेसेज केला: आडनाव राहिलंय, कांबळे. उत्तर आलं: नुसतं शीतल गोड वाटतं, राहू दे. मी अंगठा पाठवला.

सिरीज चालली. नांदेडला माझ्या मावसभावंडांनी चपलेचा सीन पुन्हा पुन्हा लावून बघितला. एका मुलाखतीत मंदार सर म्हणाले की ही कल्पना त्यांना लातूरच्या मातीत सुचली. माती कुठे आडनाव सांगते.

पुढच्या वर्षी मी सुट्टीला नांदेडला होते. बीएड कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात शीतल भेटली. पाठ टाचणाच्या वह्या झेरॉक्सला देऊन उभी होती. तिने मला आधी पाहिलं, आणि तोंड फिरवलं नाही, हेच मला जड गेलं.

"कशा हाव ताई?"

"बरी. शीतल, मी लेखी देऊ शकते. तो सीन तुझा होता असं. सही करून."

"कुणाला देणार?"

मी पर्समध्ये पेन शोधू लागले.

"मॅमला? सरांना? त्यांना काय म्हाईत न्हाई का?" ती हसली. "अन् सही कशाला, त्या दिवशी तोंडानं सांगितलं असतं तरी भागलं असतं. तुम्हाला तर विचारलं होतं."

"तू घरी दाखवलीस का सिरीज?"

"हाव. बाबा शेवटपर्यंत बघत बसले. लई हसले चपलीला. मग नावं आली. मी म्हणलं, हे बघा, थांबवून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, मोबाइल जवळ धरला, वाचलं. म्हणले, ही शीतल कोण गं? ह्यात आपलं नाव कुठंय?"

दुकानदाराने तिच्या वह्या परत दिल्या. तिने त्या छातीशी धरल्या आणि "येते" म्हणून रस्ता ओलांडला.

मंदार सरांची पुढची फिल्म मी केली. एडिटरने त्या वेळी मला मुद्दाम सांगितलं, की लातूरच्या सिरीजइतकी नीटनेटकी फाईल त्याने दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. एकाही पानावर चूक नव्हती.