ताईंची पाटी आणि भिवापुरीचा व्हिडिओ

कोराडीला वीजकेंद्राच्या लॅबमध्ये माझं काम पाणी तपासायचं. दर तासाला नमुना घ्यायचा, आकडा काढायचा, लॉगबुकात लिहायचा. सगळ्या आकड्यांच्या शेवटी 'शेरा' नावाचा रकाना असतो, जेमतेम दोन बोटं रुंद. त्यात काय मावणार? मग न मावलेलं मी घरी येऊन वहीत लिहू लागलो. इतक्या वर्षांत एक कळलं. आकडे दुसऱ्या दिवशी शिळे होतात. शेरे मात्र साचतच जातात!

यंदा सगळ्यात जास्त शेरे आमच्या बँडचे साचले.

बँडचं नाव 'भिवापुरी'. गिटारवाला निखिल भिवापूरच्या मिरचीवाल्यांच्या घरातला, त्यानं ठेवलेलं. ड्रमवर बबलू. त्याचा कूलर बनवायचा कारखाना आहे. दिवसभर पत्रा ठोकतो, संध्याकाळी ड्रम. हार्मोनियमवर मी. मला सगळे 'वहीवाले भाऊ' म्हणतात. आणि गाणाऱ्या संध्याताई, तिसरीच्या वर्गशिक्षिका. पन्नास पोरांच्या गोंगाटावर ज्यांचा आवाज चढतो, त्यांना माईक कशाला, असं आम्ही म्हणायचो.

आता म्हणत नाही.

*

थंडीत आम्ही ताईंचं गाणं रेकॉर्ड केलं. शब्द त्यांचेच. 'ऊन माह्या दारी बसलं, पाणी द्या वं त्याले कोणी.' व्हिडिओ सवडीनं करू म्हणालो. होळी झाली आणि ताईंचा आवाज फाटायला लागला. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतूवर गाठ होती.

ऑपरेशन पुढच्या गुरुवारी ठरलं. तोपर्यंत बोलायचं नाही आणि गायचं तर मुळीच नाही. गाठीतून रक्त आलं तर पुढचं आपण काही सांगू शकत नाही, असं डॉक्टर स्वच्छ म्हणाले.

"पण ऑपरेशननंतर आवाज येईल ना?" मी विचारलं.

"आवाज येईल. कोणता, ते तेव्हाच कळेल."

बाहेर आलो. ताईंनी पर्समधून शाळेतली दगडी पाटी काढली आणि लिहिलं, 'व्हिडिओ रविवारी.'

"ताई, पागल झाल्या काय?" बबलू ओरडलाच.

पाटी पुसली. 'गाणार नाही. ओठ हलवीन.'

"पण घाई काहून? बऱ्या व्हा ना पहिले!"

पुन्हा पुसली. या वेळी लिहायला वेळ लागला. 'मी आणि माझा आवाज, एका फोटोत. एकदा तरी.'

आम्ही पार्किंगमध्ये आलो. कूलरचा सीझन ऐन भरात होता. बबलूनं गाडीला किक मारली आणि म्हणाला, "रविवारी कारखाना बंद. सांगून देतो पोरायले."

*

अशा व्हिडिओत स्पीकरवर रेकॉर्ड केलेलं गाणं लावतात आणि कलाकार त्याच्याबरोबर वाजवल्यासारखं करतात. सोपं वाटतं. बबलूला सांगा!

पत्रा ठोकणाऱ्या हाताला 'ठोकल्यासारखं कर' हे कळतच नाही. पहिल्या सरावाला स्पीकरचा आवाज ड्रमखाली बुडाला. आम्ही ड्रमवर टॉवेल घातले. तरी दुसरी भानगड होतीच. दुसऱ्या अंतऱ्यापासून बबलूची लय पळते. गाणं रेकॉर्ड केलेलं, एका ठरलेल्या लयीत बांधलेलं. पण पठ्ठ्यानं त्यालाही मागे टाकलं. स्पीकरवर शेवटची ओळ चालू होती आणि हा काठ्या खाली ठेवून घाम पुसत होता!

"झालं ना?" त्यानं विचारलं.

"तुझं झालं. गाण्याचं बाकी आहे," निखिल म्हणाला.

ताईंनी पाटीवर लिहिलं, 'बबलू, पळू नको!' पाच मिनिटांनी पुन्हा लिहिलं. चौथ्या वेळी त्यांनी खडू ठेवून दिला, निखिलकडून पांढरा ऑइल पेंट मागवला आणि पाटीच्या मागच्या बाजूला तेच वाक्य कायमचं रंगवून टाकलं. त्यानंतर नुसती पाटी उलटी करायची!

*

त्या आठवड्यात आमचं खरं काम वाजवणं नव्हतंच. ताई गुणगुणत नाहीत ना, एवढंच पाहायचं. वीस वर्षं गाणाऱ्या बाईच्या समोर तिचंच गाणं वाजतंय. नकळत एखादा सूर निघून जायचा. आम्ही तिघं वाजवत कमी आणि ऐकत जास्त होतो.

शुक्रवारी गाणं संपलं, स्पीकर बंद झाला, आणि खोलीत बारीकसा सूर ऐकू आला.

निखिलनं हात वर केला. बबलू उठून उभा राहिला. "ताई!"

ताईंचे ओठ घट्ट मिटलेले. सूर चालूच.

"ताई, नका ना वं! हात जोडतो!" बबलू खरंच रडकुंडीला आला होता.

ताईंनी शांतपणे पाटी घेतली. लिहिलं, 'हार्मोनियम.'

माझा डावा हात भात्यावर आणि उजवं बोट पांढरी दोनच्या पट्टीवर तसंच राहिलं होतं! वहीत लिहिलं: दोष तपासणाऱ्याचाच निघाला.

*

शूटिंग हुडकेश्वरला, निखिलच्या नव्या घराच्या स्लॅबवर. चारही बाजूंनी मोकळं आकाश, भिंती अजून यायच्या होत्या. रविवारी सकाळी सामान घेऊन वर चढलो, तर स्लॅबवर घोट्याएवढं पाणी! स्लॅब ओतून आठवडाच झालेला. स्लॅब पक्का व्हायला मिस्त्रीनं सिमेंटच्या बारीक कडा बांधून पाणी भरून ठेवलेलं.

"काढून टाका ना दिवसभर," निखिल म्हणाला.

मिस्त्रीनं मालकाकडे पाहिलंही नाही. "उनात स्लॅब तडकला तर गाणं भरान काय भेगीत?"

व्हिडिओ शूट करणारी रुबिना. लग्नाचं शूटिंग हा तिचा रोजचा धंदा. ती खूष झाली. "अरे, रिफ्लेक्शन बघा! कोणी काही काढायचं नाही!"

मला मात्र घाम फुटला. पाण्यात उभी चार माणसं आणि हातात विजेची वायर? मी जिन्यातच आडवा उभा राहिलो. एक वायर वर जाणार नाही म्हणालो. वाद झाला, अर्धा तास गेला. शेवटी निखिलची गिटार वायरीशिवाय, माझी पेटी विटांवर, ड्रम फळ्यांवर आणि बॅटरीवर चालणारा एकच स्पीकर उंच स्टुलावर.

व्हिडिओ पाहून नंतर कोणीतरी विचारलं, हा पाण्याचा सेट कुठे उभारला! मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, "सेट नाई, क्युरिंग हाय ते."

*

पहिला टेक झाला. रुबिनानं स्क्रीन पाहिली. सवयीनं निखिलला म्हणाली, "भैया, थोडा शरमाके मुस्कुराओ." मग ताईंकडे वळली आणि पुन्हा स्क्रीन पाहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काका, गळा खोटा दिसून राहिला. गाणाऱ्याच्या मानेच्या नसा फुगतात. ताईंची मान एकदम थंडी आहे."

सगळ्यांना पटलं आणि म्हणूनच सगळे हबकले. नसा फुगवायच्या तर गायला हवं. गायलं तर गुरुवार बिघडला.

बबलूला लगेच सुचलं. "पाण्यानं भरलेली बकेट धरू द्या एका हातात, फ्रेमच्या खाली! वजनानं नसा फुगतेत!"

ताईंनी मान डोलावली आणि बादलीकडे निघाल्याही. मी आधी डॉक्टरांना फोन लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला.

"वजन अजिबात नाही! जोर लावला की स्वरतंतू एकमेकांवर दाबले जातात. तिथे चाललंय काय?"

"काही नाही, घराचं काम चालू आहे," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

मग निखिलनं खिशातून वाळलेली लाल मिरची काढली. भिवापूरचा माणूस, खिशात असतेच. "जिभेखाली धरा. मान लालबुंद होते."

ताईंनी लिहिलं, 'आधी तू.'

निखिलनं मर्दानगीच्या भरात अख्खी चावली. त्याच्या नसा फुगल्या, डोळ्यांतून धारा लागल्या, ठसका आवरेना. रुबिना कॅमेरा घेऊन धावली. "हिलो मत! वाजवा, वाजवा!" तो रडत रडत गिटारवर बोटं फिरवत राहिला. ठसक्याकडे पाहून ताईंनी लिहिलं, 'माझी मान थंडीच राहू दे.'

*

चार वाजता स्पीकरची बॅटरी शेवटच्या काडीवर आली. फक्त तिसरा अंतरा बाकी. रुबिना म्हणाली, "ताई, एकच टेक मिळेल."

गाणं सुरू झालं. ताई ओठ हलवू लागल्या. आणि दुसऱ्या ओळीला मी पाहिलं, त्यांच्या मानेवरची नस टरारून वर आली होती.

मनात पाल चुकचुकली. गातायत की काय?

गंमत बघा. ते ओळखायचं कसं? स्पीकरवर त्यांचाच आवाज. त्या खरंच गात असल्या तरी दोन्ही आवाज एकात एक मिसळणार! आठवडाभर राखलेला गळा डोळ्यांसमोर जातोय की नाही, हे चार हातांवरून कळेना. थांबवलं तर टेक गेला. नाही थांबवलं तर... बबलूनंही पाहिलं असावं. तो माझ्याकडे बघत होता. मी थांबवायला पेटीवरून हात वर केला.

तेवढ्यात ताईंचे ओठ मिटले.

गाणं चालूच होतं. 'ऊन माह्या दारी बसलं.' ताई पाण्यात उभ्या, तोंड बंद, डोळे स्टुलावरच्या स्पीकरवर. रुबिनानं कॅमेरा हलवला नाही. आणि त्या एका अंतऱ्यात बबलू पळाला नाही. गाण्याबरोबर सुरू झाला, गाण्याबरोबर थांबला.

"ताई, गायल्या काय?" मी विचारलं. माझाच आवाज फाटला होता.

त्यांनी पाटी घेतली. 'ऐकत होते.'

*

गुरुवारी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले गाठ नीट निघाली. आणखी दहा दिवस मौन. तोवर काही कळणार नाही.

त्याच शनिवारी रुबिनानं व्हिडिओ तयार करून यूट्यूबवर टाकला. आम्ही लिंक मिळेल त्या ग्रुपवर टाकली. बबलूनं कूलरच्या गिऱ्हाइकांना पाठवली. त्यातल्या एकानं उत्तर दिलं, "गाणं मस्त. पंप कधी बदलून देता?" निखिलच्या भिवापूरच्या ग्रुपवर मिरचीला धरूनच चर्चा झाली. माझ्या मोठ्या बहिणीनं फोन करून विचारलं, "तू शेवटी पेटी सोडून हात वर काहून केला रे?"

खाली अनोळखी लोकांचे अभिप्राय. सगळ्यात जास्त कौतुक निखिलचं! 'गिटारवाल्या दादांनी जीव ओतला, वाजवता वाजवता रडले!'

आणि एक गृहस्थ: 'तिसऱ्या अंतऱ्यात बाईंचं तोंड बंद आणि आवाज चालू. एवढी मोठी चूक एडिटिंगमध्ये कोणालाच दिसली नाही?'

रुबिना भडकली. ताईंच्या घरीच बसलो होतो. ती लांबलचक उत्तर टाइप करू लागली, तर ताईंनी तिच्या हातातला फोन बाजूला ठेवला. पाटीवर लिहिलं, 'राहू दे. त्याला बरोबर दिसलं.'

*

दहावा दिवस. दवाखान्यात ताईंबरोबर एकानं यायचं ठरलं होतं. आम्ही चौघं पोचलो. नर्सनं दारातच अडवलं, मग कंटाळून आत सोडलं.

डॉक्टरांनी दुर्बिणीनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हातमोजे काढत म्हणाले, "आज एकच वाक्य बोलायचं. हळू, साध्या आवाजात. कुजबुजायचं नाही, खाकरायचं नाही. कोणतं बोलायचं ते तुम्ही ठरवा. सावकाश ठरवा."

ताईंनी पाटी माझ्याकडे दिली. डोळे मिटले. मी घड्याळ पाहिलं: अकरा वाजून दहा.

निखिलच्या कपाळावर घाम. रुबिनानं माझी बाही धरलेली. बबलूला तर ताण सहनच होत नाही. त्याची बोटं डॉक्टरांच्या स्टीलच्या ट्रॉलीवर वाजू लागली, आधी सावकाश, मग त्याची नेहमीची चाल. टक्‌टक्‌, टक्‌टक्‌, टकटकटकटक...

ताईंनी डोळे उघडले.

"बबलू, पळू नको!"

बोटं जागच्या जागी थांबली. आम्ही सगळे ताईंकडे बघत राहिलो. डॉक्टरांनी डोकं वर केलं. "छान! झालं. आजचं वाक्य संपलं."

ताईंनी जोरजोरात नकाराची मान हलवली. माझ्या हातातून पाटी ओढून घेतली, खडू शोधला आणि लिहून डॉक्टरांसमोर धरली.

'ते बबलूचं होतं. माझं अजून बाकी आहे.'