मामांचा झिरा

महायुद्धाच्या आधीच्या हिवाळ्यात, जैसलमेरहून सिंधेकडे जाणाऱ्या उंटांच्या जुन्या वाटेवर, माझ्या बायकोच्या मामांनी पाण्याने भरलेल्या दोन पखालींपैकी एक विहिरीवरच्या शेळ्यांना पाजून टाकली. पुढची विहीर दोन दिवसांवर होती. आम्ही तिघे होतो: मामा, मी आणि उंटवाला.

मामांइतका स्वतःच्या चुकीवर निष्ठा असलेला माणूस अख्ख्या नंदुरबारात नव्हता. त्यांच्या वडिलांच्या बैलगाड्या सुरतेचा माल बुऱ्हाणपूरला नेत. आगगाडी आली आणि गाड्या बसल्या. मामांनी आगगाडीला ते कधी माफ केलं नाही. गाडीत बसावं लागलं तर ते इंजिनाकडे पाठ करून बसत. जोधपूरपर्यंत तसेच बसून आले. व्यापाराची एक तरी जुनी वाट रूळ पडायच्या आत पाहायची, एवढ्यासाठी हा प्रवास होता. सोबतीला मी, कारण जावयाला नाही म्हणता येत नाही.

परमुलखातलं अन्न त्यांना चालत नसे. नंदुरबारजवळच्या रनाळ्याहून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाची गोणी आणि वाळल्या मिरच्या आणल्या होत्या. त्या उंटावर मावेनात, म्हणून उंटवाल्याची नजर चुकवून पखाल रिकामी झाली. मी पाहत होतो. मामा म्हणाले, "जवाईबुवा, घाबरू नका. रेती शे तठे पानी शे. दोन हात खंदा, झिरा लागी." उन्हाळ्यात नदी आटली की आमच्याकडे वाळूत खड्डा खणून, त्यात पाझरलेलं पाणी भरतात; तो झिरा. मीही तेच पाणी पिऊन वाढलेला. मी गोणी बांधायला हात लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली पखाल संपली. उंटवाल्याने दुसरी चाचपली, रिकामी पाहिली आणि मामांकडे पाहिलं. मामांनी पितळी ताट काढलं आणि शांतपणे खणायला बसले. वाळू परत खड्ड्यात येत होती. दोन हात झाले, कंबरभर झालं. मामांनी जागा बदलली, तिसरीही बदलली. "हाई नदी जराशी खोल शे," ते म्हणाले.

"अठै नदी कोनी, मामासा," उंटवाला म्हणाला. तिथे नदी नव्हतीच.

मामांनी ताट खाली ठेवलं. उंटवाल्याने खांद्यावरची कातडी पिशवी सोडली. तिच्यात तिघांना पुरेल इतकं पाणी नव्हतं. त्याने आधी मामांना दिलं, मग मला. पिशवी रिकामी झाली. मामांनी त्याला उंटावर बसवलं आणि स्वतः विहिरीपर्यंत चालत आले. सकाळी पोचलो तेव्हा उंटवाल्याचे ओठ फुटलेले होते. वाटेत मामा एक शब्द बोलले नाहीत. माझ्या माहितीत ही एकच वेळ.

नंदुरबारात मात्र ते चौकात सांगत, "तठे बी दोन हातवर पानी लागनं." लोक माझ्याकडे पाहत. मी पान लावत असे.

त्यानंतर दर चैत्रात मामा रनाळ्याच्या गाडीवाटेवर, नाल्याच्या वाळूत स्वतः झिरा खणत. वाटसरू पीत. पण पाण्याची पहिली करवंटी मामा भरून काठावर ठेवत. त्या करवंटीला कोणी हात लावायचा नाही. का, ते कोणी विचारलं तर म्हणत, "येक पाव्हना येनार शे."

मामा वारले त्याला चार वर्षं झाली. यंदाच्या चैत्रात मी त्या वाटेने गेलो. कोणीतरी झिरा खणला होता. काठावर एक करवंटी भरून ठेवलेली होती.