हत्ती काय खातो?

“ले जा! उठा और ले जा तेरी भैंस का पानी! माझ्या घरात आजपासून जनावराचं दूध बंद!”

सकाळची वेळ. गल्लीत अजून कुणाचे पोहेसुद्धा भिजले नव्हते, आणि भाऊ दारात उभे राहून दूधवाल्यावर ओरडत होते. दूधवाला सायकलला टेकून, मान खाली घालून ऐकत होता.

“दूध वासराचं असतं! माझी पोरं काय वासरं आहेत? सांग ना भिया, इन के सींग दिखते हैं तेरे को?”

“नहीं दिखते, भाऊसाब.”

मागे उंबऱ्यात भाऊंची सुमी आणि तिच्याहून धाकटा बाळ्या एकमेकांच्या डोक्यावर शिंगं चाचपत होते.

भाऊंच्या आवाजाबद्दल आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं सगळं थापा वाटणार नाही. ते मिलच्या साचेखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. शेकडो साचे एका छपराखाली खडखडत असले की शेजारच्या माणसाला ‘पाणी दे’ सांगायलाही बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. अर्धं आयुष्य तसं काढल्यावर माणसाला हळू बोलता येत नाही. भाऊ घरात कुजबुजले की इंदूरच्या राजवाड्यावरची कबुतरं उडत. एकदा ते आमच्या ओट्यावर शिंकले, तर कोपऱ्यावरून निघालेली देवासची बस थांबली आणि कंडक्टर विचारू लागला, “कौन उतर रिया है?” मी पाहिलंय. म्हणजे बस पाहिलीय.

गल्ली त्यांना पाठीमागे ‘भोंगा’ म्हणायची. मिलचा खरा भोंगा बंद पडला त्या दिवसापासून गल्लीत तेवढा एकच उरला.

त्या सुमाराला देश खुला झाला म्हणे. पेपरात रोज यायचं, हे खुलं झालं, ते खुलं झालं. आमच्या गल्लीत तेवढं मिलचं फाटक बंद झालं. वाण्याच्या दुकानात नव्या कंपन्यांच्या थंड बाटल्या आल्या, चकाकत्या पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या, आणि त्या माळांखाली मिलची माणसं उधारीवर पाव किलो डाळ मागत उभी राहू लागली. कुणी रिक्षा धरली, कुणी शेवेचा ठेला लावला, कुणी नुसताच फाटकासमोर जाऊन बसे, नवरी पळाल्यावरही मांडवात बसून राहिलेल्या व्याह्यासारखा.

तर दूधवाला. भाऊंचा मार खाऊन (तोंडाचाच) तो पुढे माझ्या दाराशी आला. मी विमा कचेरीतला कारकून. माझं फाटक उघडं होतं, म्हणून माझं दूधही चालू होतं. मी पातेलं पुढे केलं आणि म्हणालो, “एवढं ऐकून घेतलंस? राग नाही आला?”

“गुस्सा कायका, बाबूजी,” तो दूध मापत म्हणाला. “कल शाम को खुद मेरे बाड़े पे आए थे. हाथ जोड़ के बोले, भैया, कल सबेरे मैं तेरे पे चिल्लाऊँगा, तू बुरा मत मानना. बच्चों को ये नहीं लगना चाहिए कि बाप ला नहीं सकता. ये लगना चाहिए कि बाप लाता नहीं.”

आता तुम्हीच सांगा, असा माणूस तुम्ही कुठे पाहिलात? लोक गुपित ठेवायला आवाज खाली आणतात. या माणसानं आपलं गुपित गल्लीभर ओरडून झाकलं.

दूध गेलं, मागोमाग तूप गेलं, मग पनीर-पेढ्यांची नावं घरातून गेली. वहिनी कॉलनीतल्या बंगल्यांत स्वयंपाकाला जाऊ लागल्या आणि घरच्या चुलीचा ताबा भाऊंनी घेतला. मिलच्या भिंतीला लागून एक शेवगा होता. भाऊ त्याचा पाला ओरबाडून आणत. नाल्याकाठचा तांदुळजा, शेताच्या बांधावरचं चाकवत, ज्याला इकडे बथुआ म्हणतात, ते सगळं त्यांच्या पिशवीत. शेंगदाणे रात्री भिजत, मूग फडक्यात मोड काढत. मक्याची भाकरी, तिळाची चटणी, गव्हाच्या भरड्याची थुली. आणि प्रत्येक ताटाआधी तो सवाल, भिंती हादरवणारा:

“हत्ती काय खातो?”

“पालाऽऽ!” पोरं ओरडत.

“हत्तीनं कधी पेढा खाल्ला?”

“नाहीऽऽ!”

“मग गल्लीत सगळ्यात ताकदवान कोण?”

“आम्हीऽऽ!”

आणि मग चावण्याचा आवाज. माझ्या घरी याच वेळी आमचे चिरंजीव दुधावरची साय बघून तोंड वाकडं करीत असत. त्यांच्या आईनं ‘भोंगाकाकांना बोलावू का?’ म्हटलं की सायीसकट पेला रिकामा.

एकदा भाऊ पोरांना खरा हत्ती दाखवायला घेऊन गेले. पुरावा नको का? सोबत मीही गेलो, कारण असा तमाशा फुकटात कोण सोडतो? चिड़ियाघरात हत्तीपुढे पोचलो तर माहूत त्याला जाडजूड रोट घालत होता. वर गुळाचा खडा. रोटावर तूप होतं का, ते मी शपथेवर सांगणार नाही, पण चमकत होतं खरं.

सुमीनं बापाकडे पाहिलं. “बाबा, हत्ती गूळपोळी खातोय.”

असा कठीण प्रसंग मी दुसरा पाहिला नाही. भाऊंचे कान लाल झाले. मग ते माहुतावरच ओरडले, “क्यों भिया, आज इसका उपवास छूटा क्या?”

माहूत इंदुरी माणूस. त्यानं भाऊंकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, पोरांच्या चपलांकडे पाहिलं. म्हणाला, “हाँ साब. बाकी दिन तो पत्तीच खाता है.”

पुढे भाऊंना सांवेर रोडला सोयाबीनच्या तेलाच्या कारखान्यात काम मिळालं. पोत्यांची तोंडं शिवायचं. ज्या बोटांनी तुटलेला धागा डोळे मिटून जोडला, त्या बोटांत आता दाभण आणि सुतळी. तेल डब्यांत जायचं, उरलेली पेंड पोत्यांत भरून परदेशी. कशाला? तर तिकडच्या कोंबड्यांना खायला.

“ऐका!” भाऊ माझ्या ओट्यावर येऊन ओरडले. “मालव्याच्या मातीतली सगळी ताकद जहाजात बसून कोंबड्यांकडे चाललीय! आपली पोरं काय कोंबड्यांहून कमी?”

आवारात सांडलेले दाणे झाडून न्यायची त्यांना मुभा होती. ते त्यांनी आणले, तसेच कच्चे गव्हात मिसळून दळून आणले आणि पहिल्या दिवशी उदार मनानं अर्ध्या गल्लीला पोळ्या वाटल्या. सोयाबीन उकडून, साल काढून, मग वापरतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सार्वजनिक संडासापुढची रांग, खोटं सांगत नाही, उज्जैनच्या नाक्यापर्यंत गेली होती. त्या रांगेत हातात डबडं घेऊन भाऊही उभे होते आणि तिथूनही समजावत होते, “नव्या साच्यावर पहिल्या दिवशी धागा तुटतोच!”

पण मग त्यांना ते जमलं. दाणे भिजवायचे, उकडायचे, हातानं चोळून सालं काढायची, वाटायचे, पाणी घालून शिजवायचे आणि गाळायचे. गाळायला मांजरपाटाचा एक तुकडा होता. मिलच्या शेवटच्या पाळीत त्यांच्याच साच्यावर विणलेला. त्यातून पांढरं, कच्च्या घेवड्यासारखा वास येणारं दूध पेल्यात पडायचं. खाली उरलेला चोथा थालीपिठात जायचा. गूळ असला तर गूळ. पोरं नाक दाबून पीत आणि नाक सोडून “हत्तीऽऽ” ओरडत.

आणि मंडळी, पोरं वाढली. यात माझी एकही थाप नाही. शाळेत उंचीप्रमाणे रांग लावली की सुमी सगळ्यात मागे, आणि साय खाऊन वाढलेले आमचे चिरंजीव सगळ्यात पुढे, मास्तरांच्या पोटाला टेकून.

एक गोष्ट मात्र भाऊंच्या आवाजाला जुमानत नव्हती. वहिनी बंगल्यांतून घरी येत तेव्हा त्यांच्या लुगड्याला तुपाच्या फोडणीचा वास असे. त्या टेकल्या की दोन्ही पोरं दोन बाजूंनी येऊन आईच्या पदरात नाक खुपसून बसत. खेळ नाही, बोलणं नाही. नुसतं बसत.

“पदर धुऊन टाक तो!” भाऊ ओरडत.

“रोज धुते,” वहिनी म्हणत.

एके दुपारी बंगल्यातल्या कुणा पोराचा वाढदिवस झाला होता आणि वहिनी डब्यात बासुंदी घेऊन आल्या. रविवार होता, भाऊ घरी होते. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला, आणि मी, आणि समोरचा शिंपी, आणि नळावरच्या बायका, सगळे कान टवकारून बसलो. आता भोंगा वाजणार. आता वासरू, आता शिंगं, आता हत्ती.

काही वाजलं नाही.

भाऊ बाहेर आले आणि माझ्या शेजारी ओट्यावर बसले. आतून स्टीलच्या वाटीवर चमचे घासल्याचा आवाज येत होता. वाटी कधीच रिकामी झाली असावी, चमचे थांबत नव्हते.

“हत्ती…” भाऊ म्हणाले. एवढंच. आणि ते मला जेमतेम ऐकू आलं. इतका हळू त्यांचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

मी पेपर उलटा धरून वाचत राहिलो.

भाऊ गेले तेव्हा सुमी कॉलेजात होती. छातीत कापसाची धूळ होती, त्यावर सोयाबीनची बसली. मिलचं फाटक तसंच बंद. आजारपणात त्यांचा आवाज आधी गेला, मग ते. घरात शोधाशोध करून वहिनींनी त्यांच्या अंगावर तोच मांजरपाटाचा तुकडा घातला. गाळून गाळून तो इतका विरला होता की त्यातून बरगड्या दिसत होत्या. बापानं स्वतः काय खाल्लं, हे आम्हा कुणाला कधी ऐकूच आलं नव्हतं. ओरडायचे ते फक्त पोरांच्या ताटाबद्दल.

मी पुढे सुदामा नगरात राहायला गेलो. परवा राजेंद्र नगरला सुमीकडे गेलो होतो. चांगली नोकरी आहे, दोन खोल्यांच्या जागी चार आहेत. तिचा मुलगा टेबलाशी बसला होता. त्याच्यापुढे पराठा होता, तो नको. दूध होतं, ते नको. फळं कापली, ती नको. एक पुडी फोडली, त्यातले दोन दाणे चाटून तीही नको. सुमी एकेक बशी बाजूला ठेवत होती.

मला राहवेना. मी माझ्या जुन्या चालीत सुरू झालो. दूधवाला सांगितला, त्याच्या बाड्यावर जोडलेले हात सांगितले, माहूत सांगितला, संडासाची रांग आता पार उज्जैनच्या घाटापर्यंत नेली. पोरगा हसला. सुमी बशा गोळा करत राहिली.

“अगं, सांग ना याला हत्तीची गोष्ट,” मी म्हणालो. “जादू होती त्या माणसाच्या आवाजात. तुम्ही दोघं कडू पाला लाडवासारखा खायचात. मी पाहिलंय.”

सुमीनं उरलेला पराठा डब्यात घातला, झाकण लावलं.

“जादू कसली, काका,” ती म्हणाली. “भूक लागायची.”