खोकणारा टॅब

खिळेकाकांना खिळेकाका म्हणायचे, कारण त्यांच्या तोंडात सदान्‌कदा बारीक खिळे असत. जुन्या सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवं कापड चढवायचं, हा त्यांचा धंदा. एक हात कापड ताणून धरायला, दुसरा हातोडीला, मग खिळे ठेवायचे कुठे? तोंडात. त्यामुळे बोलणं बेताचंच. ओठांच्या फटीतून एखादं ‘हं’ निघालं, तरी गिऱ्हाइकाने त्यात समाधान मानायचं.

पण खिळ्यांहून मोठी एक गोष्ट हा माणूस तोंडात दाबून बसला होता. त्याला रंग कळत नसत. निळा-पिवळा ठीक होता, पण लाल, हिरवा, तपकिरी, गुलाबी आणि त्यांची सगळी भावकी काकांना एकाच घरची वाटायची. आता सोफे मढवणाऱ्या माणसाने हे सांगायचं तरी कुणाला? नवीन लग्न झालेलं असताना त्यांनी एका दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीला लाल बैठक आणि हिरवी पाठ लावून दिली, आणि वर कौतुकाने बायकोला दाखवायला घेऊन गेले. काकूंनी एकदा खुर्चीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे बघितलं, आणि काय समजायचं ते समजल्या. बाई मोठी खमकी! आरडाओरडा नाही, रडणं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या नवऱ्याबरोबर गिऱ्हाइकांच्या घरी जायला लागल्या, आणि दोघांनी मिळून एक खुणांची भाषा ठरवली. काकू एकदा खोकल्या की लाल. दोनदा खोकल्या की हिरवा. घसा खाकरला की तपकिरी. आणि शिंकल्या की समजायचं, हे भयंकर आहे, मुकाट्याने खाली ठेवा.

सगळा संसार या खोकल्यावर उभा राहिला म्हणा ना. गिऱ्हाइकं बिचारी हळहळायची. कुणी औषधं सुचवायचं, कुणी हवापालट सुचवायचं. एका वकीलबाईंनी तर खोकल्याच्या गोळ्यांची बरणीच काकूंच्या हातात ठेवली. काकूंनी ती घेतली. नाही म्हटलं असतं तर संशय आला असता, आणि गोळ्या चवीला बऱ्या होत्या.

मग काकूंच्या गुडघ्याने दगा दिला. जिने चढणं बंद झालं. काका एकटेच कामावर जायला लागले. रंगाची वेळ आली की “घरी जाऊन सांगतो” म्हणत नमुने काखेत मारून सटकायचे. धंदा कसाबसा चालला होता, पण खरी पंचाईत घरात होती. काकू खिडकीपाशी बसून राहायच्या. एकदा म्हणाल्या, “आता माझा काय उपयोग? तुमचं तुम्ही बघा.” एवढं बोलून त्या पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या. भांडल्यासुद्धा नाहीत. बायको भांडत नाही म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी ते तडक टॅबच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने चार टॅब पुढ्यात मांडले. काकांनी एकेक उचलून काखेत मावतो का ते बघितलं. मग पाठीवर बोटाने टकटक केलं, लाकूड पोकळ आहे का बघावं तसं.

“घरी वायफाय आहे ना, काका?” मुलीने विचारलं. “मग हा साधा घ्या. स्वस्त पडेल.”

“मी घरी नसतो. बायको घरी असते.”

“मग त्यांच्यासाठी हवाय?”

“नाही. माझ्यासाठी. ती आत असणार.”

मुलीने एकदा टॅबकडे बघितलं, एकदा काकांकडे. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. “हां, व्हिडिओ कॉल! मग सिमवाला घ्या. कुठेही जा, स्वतःचं नेट.”

“कापडाचा रंग तिला खरा दिसेल?” काकांनी इकडेतिकडे बघत हळूच विचारलं.

“अहो, त्यांना कशाला त्रास? हे ऍप बघा.” मुलीने टॅबचा कॅमेरा काकांच्या शर्टावर धरला. टॅब मोठ्यांदा म्हणाला, “फिकट हिरवा.” काका दचकले. आजवर ते त्या शर्टाला बदामी समजत होते. “याला तर सिमही लागत नाही,” मुलगी म्हणाली. “साधा टॅब घ्या, काम झालं.”

खरंच काम झालं असतं. पण मग खिडकीपाशी बसलेलीचं काय? हे यंत्र घरी गेलं आणि तिला कळलं, तर ती कायमची रिकामी होणार. काकांनी मान हलवली. “सिमवालाच द्या. आणि ते बोलणारं काढून टाका.”

त्या दिवसापासून काकू पुन्हा कामाला लागल्या. पहिल्या दिवशी काका कॉल बंद करायलाच विसरले. काकूंनी बसचा अख्खा प्रवास पिशवीच्या आतून केला, दिसलं काय तर डब्याचं झाकण, तरी ड्रायव्हरला “सावकाश हो” म्हणून दोनदा दटावलं. दुपारच्या आत त्या दिवसाचा डेटा खलास! पण रात्री त्या काकांशी त्यावरून कडाकडा भांडल्या, आणि काका शांत झोपले.

टॅब मळायला लागला, तसं काकांनी आपल्या छोट्या कारखान्यात बसून उरलेल्या कापडाचं त्याला कव्हर शिवलं. आत पातळ फोम, वर चौकड्यांची शिलाई, कडेला छोटी बटणं, कॅमेऱ्यासाठी नीट भोक. साधासा करडा रंग, पुरुषमाणसाला शोभेल असा. त्याच कव्हरात टॅब घालून ते घरी न जाता परस्पर एका पार्लरवाल्या मॅडमकडे निघाले. बसमध्ये लोक टॅबकडे बघून हसत होते. कामाची कदर असलेली माणसं दिसतात, असं काकांना वाटलं.

पार्लरचं काम मोठं होतं. सगळ्या खुर्च्या मढवायच्या होत्या. चारी भिंतींना आरसे. काकांनी टॅब पोटाशी धरला, पडद्यावर काकू आल्या. “मिसेस घरून मापं लिहून घेते,” त्यांनी नेहमीचं वाक्य टाकलं आणि कापडाचा पहिला नमुना कॅमेऱ्यापुढे धरला.

काकू शिंकल्या.

काकांनी तो घाईने खाली ठेवला आणि दुसरा धरला. काकू पुन्हा शिंकल्या. तिसरा काढला, तर त्यांनी लागोपाठ दोन शिंका दिल्या.

“काकूंना ऍलर्जी आहे का?” मॅडमनी विचारलं.

“कापडाची धूळ,” काका म्हणाले.

“टॅबमधून?”

काका पिशवीत पुढचा नमुना शोधायला लागले. तेवढ्यात काकूंचा बांध फुटला. “अहो, ती कापडं ठेवा खाली! आरशात बघा! हातात काय धरलंय ते?”

“टॅब.”

“आणि त्याच्या अंगावर?”

“कव्हर. करडं. मी शिवलं.”

“करडं? अहो, गुलाबी आहे ते! झगझगीत गुलाबी! लहान मुलीच्या वाढदिवसाला निघाल्यासारखे दिसताय!” आणि काकू अशा हसत सुटल्या की टॅब काकांच्या हातात थरथरायला लागला.

मग काकूंच्याच लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो. मॅडम दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. “काका, तुम्हाला रंग...”

“कळत नाहीत,” काका म्हणाले. आता लपवायला राहिलं काय होतं? “हिला कळतात. ही खोकते.”

मॅडम पोट धरून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, “अहो, पण काकूंना कशाला ताप? ऍप मिळतं की! नुसता कॅमेरा धरला की रंगाचं नाव सांगतं.”

पडद्यावरचं हसू थांबलं. “तुम्हाला ठाऊक होतं?” काकूंनी विचारलं.

“दुकानात दाखवलं होतं.”

“मग घेतलं का नाही?”

काका खिशातला खिळा काढून तोंडात टाकणार होते. पण त्यांनी तो परत खिशात ठेवला. “रंग सांगतं गं ते,” ते म्हणाले. “पण माझ्याशी रोज भांडणार कोण? आणि त्याला खोकता कुठे येतं?”

मॅडमना वाटलं, नेट गेलं. मग टॅबमधून एकच बारीक खोकला आला.

एकदा म्हणजे लाल. काकांनी खाली ठेवलेले नमुने बघितले, खुर्च्या बघितल्या, टॅब फिरवून भिंती दाखवल्या. “लाल काही आहे का हो इथे?” शेवटी त्यांनी मॅडमना विचारलं.

“आहेत ना,” मॅडम आरशाकडे बोट दाखवत म्हणाल्या. “तुमचे कान.”